चिठ्ठीने दात बरा होत नाही

लहान मुलाची दाढ किडली की घरात ठरलेले उत्तर मिळते: दुधाचाच दात, पडणारच आहे. गरोदर बाईची दाढ ठणकू लागली तर, बाळंतपण होऊ दे, मग बघू. घरात ही उत्तरे अज्ञानापोटी दिली जातात. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थाही तशीच वागू लागली, तर त्याला अनास्था म्हणावे लागेल.

व्यवस्थेपुढचा हा प्रश्न जुनाच आहे. ब्रिटनमध्ये १९१८ साली माता-बालकल्याणाचा कायदा झाला. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालील मुले यांच्या आरोग्याची सोय करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. पुढे त्यात दातांचे उपचारही आले. पण अनेक ठिकाणी हे काम शाळांसाठी नेमलेल्या दंतवैद्यांच्याच गळ्यात पडले. हक्क वाढले, हात तेवढेच राहिले. न्यूझीलंडने १९२१ मध्ये वेगळी वाट धरली. तरुण मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन शाळेतच मुलांचे दात भरायला नेमले. मुलांच्या रोजच्या जागीच उपचार पोचले.

त्या काळात आपल्याकडे दंतवैद्यकाचे शिक्षणच बाल्यावस्थेत होते. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा थेट १९४८ चा. आज ती सबब उरलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी, आणि तपासायच्या आजारांत दातांचे विकारही. योजना चांगली आहे.

अडते ते पुढे. कार्यक्रमाच्या तपासणी पथकातले डॉक्टर मुलाच्या तोंडात बॅटरी मारतात, कीड दिसते, नोंद होते, आईच्या हातात रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी पडते. याच पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्यात रोजंदारीवर जाणाऱ्या आईसाठी त्या चिठ्ठीचा अर्थ एक खाडा, रिक्षाचे भाडे आणि कडेवर मूल घेऊन रांग. तोवर मुलाचे दुखणे थांबलेले असते आणि कीड आत वाढत असते. त्यात सहाव्या वर्षी मागच्या बाजूला येणारी कायमची दाढ पुष्कळ घरांत दुधाचीच समजली जाते. ती गेली की पुन्हा येत नाही.

आईचे तोंडही याच प्रश्नाचा भाग आहे. गरोदरपणात संप्रेरके बदलतात, हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येते. किडीचे जंतू आईच्या तोंडातून, एकाच चमच्याने भरवताना, बाळाच्या तोंडात जातात. गरोदरपणातही दातांवर उपचार करता येतात आणि त्यासाठी मधले तीन महिने सर्वांत सोयीचे असतात. म्हणजे बाळाच्या दातांची काळजी बाळ जन्मण्याआधीच सुरू व्हायला हवी.

ती संधी दर महिन्याला येते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ९ तारखेला गरोदर स्त्रिया तपासणीला येतात. लसीकरणाच्या दिवशी आया बाळांना घेऊन येतात. वसई-विरार महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने याच दिवशी, याच ठिकाणी दंतवैद्य बसवावा. किडलेला दात त्याच बैठकीत भरावा आणि मुलांच्या दातांवर फ्लोराइडचा लेप द्यावा. वर्षाअखेरीस किती मुले तपासली याबरोबर किती दात वाचवले तेही जाहीर करावे, आणि आपण नागरिकांनी तो आकडा मागावा.