रंग सावळा, पण...



आम्ही आपल्याच धर्मग्रामातील चार तरुणी. कोणी नोकरी करते, कोणी अजून शिकते. दरवर्षी ८ मार्चला महिला दिनाच्या कार्यक्रमात आम्ही समानतेवर भाषणे करतो, पथनाट्यही बसवतो. आज मात्र भाषण करायचे नाही. आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायची आहे आणि तिच्यामुळे पडलेला प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मैत्रिणीच्या लग्नाचे बघणे सुरू झाले. ती परिचारिका आहे. रात्रपाळी करून आली तरी घरातली कामे आटपूनच झोपते. मध्यस्थी करणाऱ्या मावशींनी बायोडाटा आणि एक ‘चांगला’ फोटो मागितला. चांगला म्हणजे काय, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे लागले नाही. ओटीवर बसून आम्ही तिचा एक हसरा फोटो निवडला आणि मोबाईलवर बोट फिरवून तिचा रंग उजळ केला. थोडा केला, मग आणखी थोडा केला. बायोडाटामध्ये ‘वर्ण’ या शब्दापुढे ‘गव्हाळ’ असे लिहिले. ती शेजारीच बसून कांदे चिरत होती. काही बोलली नाही.

मुलाकडची मंडळी आली. मुलाच्या आईने एकदा हातातल्या फोनकडे पाहिले, एकदा मुलीकडे पाहिले. चहापाणी झाले, गप्पा झाल्या. दोन दिवसांनी मावशींकडे निरोप आला: “मुलगी चांगली आहे, पण...” पुढचे वाक्य मावशींनीही पूर्ण केले नाही.

आम्ही तिची समजूत काढायला गेलो. त्या लोकांना नावे ठेवली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्यांचं मला एवढं वाटलं नाही. ते परके. त्यांनी मला एकदाच पाहिलं. तुम्ही मला रोज बघता. फोटो तर तुम्हीच गोरा केलात ना?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ते प्रेमापोटी केले होते, हे खरे. तिचे भले व्हावे असेच आम्हांला वाटत होते. पण तिच्या रंगात दुरुस्ती करण्यासारखे काही आहे, हे परक्यांच्या आधी आम्हीच मान्य केले होते. ‘स्वतःला आहे तशी स्वीकार’ असे तिला सांगण्याचा हक्क आम्ही त्या ओटीवरच गमावला होता.

तेव्हापासून आम्ही विचार करतो आहोत. समानतेवर मनापासून विश्वास असणाऱ्या मुलींच्या बोटांनी हे कसे केले? आणि स्वतःचा स्वीकार म्हणजे तरी काय? तो एकटीने करता येतो का?

प्रथम त्या ‘पण’चा विचार करू. आपल्या मराठी भाषेत हा शब्द फार जुना ठाण मांडून बसला आहे. ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस.’ ‘काळीसावळी, पण तरतरीत.’ याच महाराष्ट्राने पंढरीच्या विठ्ठलाला शतकानुशतके ‘सावळा’ म्हणून मायेने हाक मारली. तिथे सावळेपणापुढे कोणी ‘पण’ जोडत नाही. घरच्या लेकीपुढे मात्र तो जोडतात. म्हणजे अडचण रंगाची नसावी. मुलीची किंमत कशावर ठरवायची, त्या तराजूचीच असावी.

हा तराजू घराघरांत होताच. बाजाराने तो उचलला आणि दूरदर्शनच्या पडद्यावर मांडला. १९७५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम बाजारात आले. एकीकडे स्त्रियांच्या हक्कांच्या घोषणा आणि दुसरीकडे गोरेपणाची ट्यूब, दोन्ही एकाच वर्षी घरात आल्या. पुढच्या काळातील जाहिराती आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. एका जाहिरातीत बापाला मुलगा नसल्याची खंत असते. मुलगी क्रीम लावते, गोरी होते, हवाईसुंदरी बनते आणि मग बापाची मान उंचावते. नीट पाहिले तर ही जाहिरात मुलींना नोकरी करू नका असे सांगत नव्हती. उलट नोकरी करा, कमवा, असेच सांगत होती. फक्त त्याआधी गोऱ्या व्हा, एवढेच तिचे म्हणणे होते. महिला संघटनांनी तक्रारी केल्या, सरकारने दखल घेतली आणि २००३ च्या सुमारास तशा जाहिराती मागे घेतल्या गेल्या. सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा कमी दर्जाची दाखवू नये, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०१४ साली केला.

मग २०२० साल आले. मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि वर्णभेदाचा प्रश्न जगभर पेटला. त्याची धग आपल्याकडेही पोहोचली. त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ शब्द गेला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. लग्ने जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने त्वचेच्या रंगानुसार स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली. हे बदल चांगलेच आहेत. ज्यांनी त्यासाठी आवाज उठवला त्यांचे आभार मानले पाहिजेत. पण ट्यूबवरचे नाव बदलले म्हणून आमच्या बोटांची सवय बदलली नाही. संकेतस्थळावरून गेलेला रकाना आमच्या बायोडाटात ‘वर्ण: गव्हाळ’ म्हणून शिल्लकच होता.

येथे कोणी म्हणेल, सिनेमा, जाहिराती आणि मोबाईल यांनीच मुली बिघडवल्या, ते सारे बंद करा. आम्हांला तसे वाटत नाही. सिनेमाने आम्हांला दिलेही पुष्कळ आहे. आमच्या आयांना स्मिता पाटील आठवते. मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगणारी ही सावळी मुलगी पुढे ‘भूमिका’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपटांची नायिका झाली. १९८६ साली ती अकाली गेली, तरी तिच्या डोळ्यांतले तेज आयांच्या बोलण्यात अजून आहे. आम्ही शाळा-कॉलेजात होतो तेव्हा, २०१६ साली, ‘सैराट’ आला. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, कोणालाही न घाबरणारी आर्ची पाहून आम्ही कितीतरी दिवस तिच्यासारख्या बोलत होतो. पडद्यावर आपल्यासारखे कोणी दिसले की पाठीचा कणा ताठ होतो, हे आम्ही अनुभवले आहे.

मात्र याच लोकप्रिय संस्कृतीचा आणखी एक खेळ आम्हांला हळूहळू कळला. २०२३ साली बार्बीवरचा चित्रपट आला आणि जगभर प्रचंड चालला. ही बाहुली १९५९ सालची. तिच्या अशक्य बारीक कमरेवर वर्षानुवर्षे टीका झाली. शेवटी २०१६ साली कंपनीने उंच, ठेंगण्या आणि भरल्या अंगाच्या बाहुल्याही आणल्या. चित्रपटात एक आई आपल्या मनातली घुसमट बोलून दाखवते. बाईने बारीक असावे, पण तसे व्हायचे आहे असे म्हणू नये. पुढे जावे, पण कोणाला दुखवू नये. असे सगळे एकाच वेळी करणे कसे अशक्य आहे, ते ती सांगते. ते ऐकताना आमचे डोळे भरून आले. आणि चित्रपटगृहाबाहेर आलो तर त्याच गुलाबी रंगाच्या वस्तूंनी दुकाने भरलेली! दुखण्यावर बोट ठेवणारा आणि दुखण्याच्या जोरावर माल विकणारा एकच होता.

आता बाजार आम्हांला ‘गोरी हो’ असे उघड म्हणत नाही. ‘स्वतःवर प्रेम कर’ असे म्हणतो आणि त्यासोबत एक सीरम विकतो. त्यामुळे ओझे दुप्पट झाले आहे. पूर्वी मुलीला फक्त रंगाची लाज वाटायची. आता रंगाची लाज वाटते याचीही लाज वाटते. आत्मविश्वास नाही, म्हणजे तुझ्यातच काही कमी आहे, असे तिला वाटू लागते.

आमच्यात यावर वादही झाला. एक म्हणाली, “मी लिपस्टिक लावते ती माझ्या आनंदासाठी. त्यात कोणाची गुलामी?” दुसरी म्हणाली, “मग सुट्टीच्या दिवशी घरात एकटी असताना का लावत नाहीस?” पहिली थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “सणाला घर सजवतो ते तरी घरात एकटे असताना कुठे सजवतो? चारजण येणार म्हणूनच सजवतो ना?” दोघींचेही पटण्यासारखे होते. शेवटी आम्हांला असे वाटले की, नटणे आणि लपणे यांत फरक आहे. आनंदाने नटताना चेहरा आपलाच राहतो. लपताना आपण आपलाच चेहरा पुसत असतो. आपण काय करतो आहोत, हे बाहेरून पाहणाऱ्याला सांगता येणार नाही. ते ज्याचे त्याने मनाला विचारायचे. त्यातही सावध राहायचे, कारण गोरेपणाच्या हव्यासाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्टिरॉईडची मलमे लावणाऱ्या मुलींची त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर पुरळ उठते आणि मग उन्हात जाणेही कठीण होते.

स्त्रीवाद म्हटले की आपल्यापैकी काहींना भीती वाटते. हे पाश्चात्त्यांचे खूळ, याने घरे मोडतात, असे आम्ही ऐकले आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली लिहिले, तेही मराठीत. सुरतच्या एका तरुण विधवेवरील खटल्यानंतर सगळ्या स्त्रीजातीला नावे ठेवली जात होती, म्हणून त्यांनी लेखणी उचलली. जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. आम्हांला कळलेला स्त्रीवाद तो हाच: तराजू कोणाचा आहे, हे विचारण्याचे धैर्य. मुलाच्या बायोडाटात शिक्षण आणि पगार पाहतात, मुलीच्या बायोडाटात शिक्षण, पगार आणि वर्णही पाहतात. हा जास्तीचा रकाना कोणी भरायला लावला, एवढेच विचारायचे आहे.

पवित्र शास्त्रातील ‘गीतरत्न’ आपण क्वचितच उघडतो. त्याच्या पहिल्याच अध्यायात एक तरुणी आपल्या काळ्या रंगाविषयी बोलते. भावांनी तिला द्राक्षमळे राखायला लावले आणि उन्हाने ती रापली. ती आपला रंग लपवत नाही आणि आपण सुंदर असल्याचेही संकोच न करता सांगते. तिच्या त्या बोलण्याची भाषांतरे अनेक झाली. कोणी दोन गोष्टींच्या मध्ये ‘पण’ घातला, कोणी ‘आणि’ घातला. मूळ हिब्रू अक्षराचा अर्थ दोन्हींकडे झुकू शकतो. म्हणजे तिच्या रंगाकडे कसे पाहायचे, हे पुष्कळसे भाषांतर करणाऱ्याच्या मनावर ठरले! ते वाचताना आम्हांला आमच्या आज्या आठवल्या. त्याही उन्हातान्हात वाडीत राबल्या, भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात गेल्या. त्यांच्या रापलेल्या हातांवर आमची शिक्षणे झाली. त्या रंगाची लाज आम्हांला कधीपासून वाटू लागली?

स्वतःचा स्वीकार म्हणजे ‘मी परिपूर्ण आहे’ अशी समजूत नव्हे. तो अहंकार झाला. आळस, फटकळपणा, मत्सर हे सुधारायचेच असतात. रंग, उंची, नाकाची ठेवण यांत मात्र सुधारण्यासारखे काही नसते. या दोहोंतला फरक ओळखणे म्हणजे स्वीकार, असे आता आम्हांला वाटते. आणि तो कोणालाही एकटीने करता येत नाही. लहान मूल आरशात स्वतःला पाहण्याआधी आईच्या डोळ्यांत पाहते. त्या डोळ्यांत आनंद दिसला तर ते स्वतःलाही आवडू लागते. तेव्हा ‘तू स्वतःला स्वीकार’ हा उपदेश मुलीला करण्याआधी, आपण तिच्याकडे कसे पाहतो ते तपासायला हवे. आम्ही तिच्या मैत्रिणी होतो. तिच्याकडे बघणारे डोळे आमचे होते आणि त्यांतच ‘पण’ होता.

म्हणून मोठ्यांना आमची विनंती आहे. बारशाला गेल्यावर बाळाचा रंग कोणावर गेला, हे पहिल्या वाक्यात विचारू नका. ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ असे फक्त मुलींना सांगू नका. बायोडाटातून तो रकाना काढून टाका. आमच्या वयाच्या भावांनो, तुम्ही स्थळ पाहायला जाल तेव्हा आईच्या मागे लपू नका. मुलगी पसंत असेल तर तसे आपल्या तोंडाने बोला.

आम्ही त्या मैत्रिणीची माफी मागितली. तिने “असू दे” म्हटले. आम्हांला पूर्ण माफ केले की नाही, हे ठाऊक नाही; घाई करण्याचा आम्हांला अधिकार नाही. तिचे लग्न अजून ठरलेले नाही. गेल्या महिन्यात मावशींनी पुन्हा फोटो मागितला, तेव्हा तिने रात्रपाळी संपवून घरी येताना रिक्षात काढलेला फोटो पाठवला. डोळे जागरणाने जडावलेले, केस विस्कटलेले, चेहरा हसरा. बायोडाटा तिने स्वतः नव्याने लिहिला. त्यात शिक्षण आहे, नोकरी आहे, आवड म्हणून पोहणे आणि गाणे आहे. वर्णाची ओळ नाही. आम्हांला वाचायला दिला तेव्हा तिने विचारले, “काही सुचवायचंय?”

आम्ही नाही म्हणालो.