सूड कोणाच्या हाती?

बायबल ख्रिस्ती माणसाला हिंसेविषयी काय शिकवते, या प्रश्नाला आपल्या मंडळींत दोन ठरीव उत्तरे ऐकू येतात. एक असे की, येशूचा धर्म म्हणजे एका गालावर मार बसला तर दुसरा पुढे करण्याचा धर्म. तो संतांना शोभेल, संसारी माणसाच्या उपयोगाचा नाही. दुसरे असे की, हा धर्म पोर्तुगीजांच्या गलबतांतून आणि इंग्रजांच्या तोफांमागून आपल्या देशात पसरला, तेव्हा त्याच्या क्षमेच्या गोष्टी कोणी ऐकाव्यात? ही दोन्ही उत्तरे मूळ ग्रंथ न उघडताही देता येतात, हीच त्यांची मोठी सोय आहे.

वस्तुतः ग्रंथ काय सांगतो आणि वाचणारा त्यातून काय उचलतो, हे दोन प्रश्न वेगळे असतात, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेतून कर्मयोग काढला. त्याच गीतेतून गांधीजींना अनासक्ती आणि अहिंसा दिसली. रणांगणावर सांगितलेल्या आपल्या ग्रंथाला जो न्याय आपण लावतो, तोच दुसऱ्याच्या ग्रंथाला लावणे उचित होय. शिवाय बायबल मराठीला परके नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे त्याच्या मराठी भाषांतरास वाहिली, आणि रेव्हरंड टिळकांची वाणी तर आपल्या पाठ्यपुस्तकांतूनच आपल्या ओळखीची झाली.

बायबलातील हिंसेचा विचार समजून घेण्यास आम्हां ग्वाल्हेरकरांना एक सोय आहे. ती म्हणजे चंबळचे खोरे. भिंड-मुरैनाकडच्या वैराची रीत आम्ही शासकीय सेवेच्या काळात पुष्कळ ऐकली. बांधावरून भांडण होते, एक खून पडतो, त्याच्या बदल्यात दोन पडतात, मग कोणीतरी बंदूक घेऊन बीहडात उतरतो आणि ज्यांचा मूळ भांडणाशी काडीचा संबंध नाही अशांच्या दारी प्रेते येऊ लागतात. तेथे बदला हा गुन्हा समजला जात नाही. ते कुळाचे कर्तव्य असते. त्यात हिशेब कधी मिटत नाही, कारण प्रत्येक पक्ष व्याजासकट वसुली करू पाहतो.

बायबलाच्या अगदी आरंभी हीच रीत उभी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात काइन आपल्या भावाचा खून करतो. परमेश्वर त्याला शिक्षा देतो, परंतु त्याच वेळी कोणी सूड म्हणून त्याला मारू नये यासाठी त्याच्यावर खूण करतो. म्हणजे पहिल्याच खुनानंतर खुन्याच्या जिवाचे रक्षण आले. काही पिढ्यांनंतर त्याच वंशातला लामेख बायकांपुढे बढाई मारतो की, आपला सूड सत्त्याहत्तर पटींनी घेतला जाईल. चंबळच्या बागीला हे बोलणे मुळीच अनोळखी वाटणार नाही. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात डोळ्याच्या बदली डोळा, दाताच्या बदली दात हा न्याय येतो. आज तो क्रूरपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. परंतु लामेखानंतर तो वाचला म्हणजे त्याचा हेतू ध्यानी येतो. एका डोळ्यासाठी अख्खे घर जाळता येणार नाही, जितकी इजा तितकीच शिक्षा, अशी सुडाला घातलेली ती मर्यादा आहे. आणि कितीदा क्षमा करावी असे पेत्र येशूला विचारतो तेव्हा उत्तरात तोच साताचा हिशेब उलटा होऊन येतो. लामेखाने जो आकडा सुडाला लावला, तो येशू क्षमेला लावतो.

तथापि सारा जुना करार अशा सरळ चढणीने जात नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगर पडल्यावर बायका, मुले, म्हातारे, गुरेढोरे यांसह सर्वांचा संहार देवाच्या आज्ञेने झाला, असे लिहिले आहे. ही पाने ख्रिस्ती विद्वानांनाही शतकानुशतके बोचत आली आहेत. कोणी त्यांचा रूपकात्मक अर्थ लावला, कोणी ती त्या काळच्या युद्धरीतीची भाषा मानली. त्यांवर पांघरूण घालणे आम्हांस बरे वाटत नाही, कारण पुढे अनेक विजेत्यांनी याच पानांत आपले समर्थन शोधले. पण त्याच करारात दावीद राजाची हकिगत आहे. परमेश्वराचे मंदिर बांधण्याची त्याची मोठी इच्छा होती. परंतु त्याच्या हातून फार रक्त सांडले म्हणून ते काम त्याला नाकारले गेले. देवाने निवडलेला राजा, देवासाठी लढलेल्या लढाया, आणि तरीही ते हात मंदिराच्या कामाला चालत नाहीत! एकाच ग्रंथाच्या पोटात हा वाद चालू आहे.

नव्या करारात येशूची शिकवण निःसंदिग्ध आहे. डोंगरावरील प्रवचनात तो समान बदल्याचा जुना न्यायही मागे टाकतो आणि वैऱ्यावर प्रीती करण्यास सांगतो. त्याला धरावयास शिपाई येतात तेव्हा एक शिष्य तलवार उपसतो. येशू ती म्यान करावयास लावतो. मंदिरातील सराफांचे चौरंग त्याने उलथले, त्याचा आधार पुष्कळजण घेतात. पण त्या प्रसंगी कोणा माणसाचे रक्त सांडल्याचे कोठेही लिहिलेले नाही.

खरी अडचण येते ती पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, आणि आमच्या मते सर्व प्रश्नाची किल्लीही तेथेच आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की, स्वतः सूड उगवू नका, ते देवावर सोपवा आणि वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. तेरावा अध्याय उघडताच तो म्हणतो की, अधिकारी हा देवाचा सेवक असून दुष्टाला शिक्षा करण्यासाठी त्याच्या हाती तलवार दिलेली आहे. अध्यायांची ही वाटणी तेराव्या शतकात झाली. मूळ पत्रात या दोन गोष्टी एकामागून एक सलग येतात. दुखावलेल्याच्या हातून तलवार काढून घ्यावयाची आणि शासनाच्या हाती ठेवावयाची, असा हा विचार आहे. ज्यांनी हे पत्र प्रथम ऐकले त्यांच्या हाती कसलीही सत्ता नव्हती. परंतु चौथ्या शतकात रोमचे बादशहाच ख्रिस्ती झाले, आणि मग एक नवा प्रश्न उभा राहिला. दुखावलेला मनुष्य आणि तलवार धरणारा शासक हे दोघे एकच असतील तर काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुरारच्या छावणीने पाहिले आहे. १४ जून १८५७, रविवार. ग्वाल्हेर कंटिंजंटच्या पलटणी त्या रात्री उठल्या आणि त्यांनी इंग्रज अधिकारी मारले. मारल्या गेलेल्यांत तेथील पाद्री जॉर्ज कूपलँड हेही होते. त्यांची पत्नी रूथ गरोदर होती. शिपायांनी तिला व इतर काही स्त्रियांना जिवंत जाऊ दिले. चंबळ उतरून, धौलपूरवरून हालअपेष्टा सोशीत त्या आग्र्याच्या किल्ल्यात पोहोचल्या. १८५९ साली रूथ कूपलँड यांचे ग्वाल्हेरहून सुटकेचे पुस्तक इंग्लंडात प्रसिद्ध झाले. तीत दुःख खरे आहे, ते वाचताना मन द्रवते. परंतु पाद्र्याची ती विधवा दिल्ली शहर जमीनदोस्त केले नाही म्हणून खंत करते. डोंगरावरील प्रवचन तिने ऐकले नसेल, असे कोण म्हणेल?

ती एकटी नव्हती. ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस इंग्लंडात राष्ट्रीय उपवासाचा व प्रार्थनेचा म्हणून पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या नामांकित धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकण्यास वीस हजारांहून अधिक लोक जमले. बंड हा राज्याविरुद्ध गुन्हा आहे, म्हणून शासकाने तलवार चालविणे योग्यच, असा त्याचा आशय होता. पौलाच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेतला गेला, बारावा मागे राहिला. ती तलवार प्रत्यक्षात कशी चालली, हे वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवले आहे. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. ज्यांनी कधी शस्त्र हाती धरले नव्हते अशांची घरात शिरून झालेली कत्तल त्यांनी अनुभवली. न्यायाच्या नावाने जे निघाले, ते रस्त्यावर उतरताच सूड झाले.

याच वेळी कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर-जनरल कॅनिंगही ख्रिस्तीच होता. त्याने ३१ जुलै १८५७ रोजी हुकूम काढून, सरसकट फाशी देणाऱ्या अधिकाऱ्यांना आवर घातला आणि दोषी व निर्दोष यांत भेद करावयास सांगितले. या अपराधाबद्दल त्याच्याच देशबांधवांनी त्याला 'दयाळू कॅनिंग' असे हिणवले. त्याने बंड मोडून काढण्यात कसूर केली नाही, हे खरे. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाने संतापलेल्या जमावाचा हात होऊ नये, एवढे त्याला कळत होते. आयुष्यभर शासनाच्या खुर्चीजवळ बसलेल्या आम्हांला हे कळणे लहान वाटत नाही.

आता दुसरी हकिगत, आपल्याच राज्यातली आणि आपल्या काळातली. केरळातून आलेल्या सिस्टर रानी मारिया या जोगीण देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करीत. सावकारांच्या पाशातून ती माणसे सुटू लागली, तसे काहींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, उतारूंच्या देखत, भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून ठार केले. अंगावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली त्यांची धाकटी बहीण, तीही जोगीणच, सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने बहिणीच्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी लेखी संमती दिली. २००६ साली तो सुटला, आणि केरळात त्या घरी जाऊन आला. आईने त्याचे हात हाती घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर रानी मारिया यांना चर्चने 'धन्य' घोषित केले. राखीचा उल्लेख बायबलात नाही. पण बायबलाच्या शिकवणीला या मातीत हात पुढे करावयाचा झाला, तेव्हा तिने आपल्याच घरचा धागा उचलला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. खटला चालला, शिक्षा झाली, मारेकऱ्याने दहा-अकरा वर्षे तुरुंगात काढली. क्षमेने न्यायाचे काम अडवले नाही आणि न्यायाने क्षमेची वाट बंद केली नाही. राज्याने शिक्षा दिली, दुखावलेल्यांनी क्षमा केली. दोघांनी आपापले काम केले. पौलाचे ते दोन अध्याय एकमेकांशेजारी नांदतात ते असे. १८५७ साली शिक्षा देणारा आणि दुखावलेला एक झाले, म्हणून दोन्ही अध्याय फुकट गेले.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक पीडिताने क्षमा करावी असा उपदेश करावा काय? आमचे मत तसे नाही. ज्याचे गेले त्यानेच क्षमा करावयाची असते. ती त्याच्याकडे मागण्याचा हक्क धर्मगुरूला नाही, शेजाऱ्याला नाही आणि सरकारला तर मुळीच नाही. दुबळ्याला क्षमेचा उपदेश करून बलवानाची सुटका करणे, हीही हिंसेचीच एक तऱ्हा आहे. द्रौपदीने पुत्रघातक अश्वत्थाम्याला सोडावयास सांगितले, त्याची आईही माझ्यासारखी रडू नये म्हणून. ते भागवतकारांनी तिच्याच मुखी घातले. ते दुसरा कोणी बोलता तर अधर्म झाला असता.

हे सारे परक्या ग्रंथाचे म्हणून बाजूस ठेवता आले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी ज्या पिस्तुलाने गांधीजींची हत्या झाली, ते आपल्या या ग्वाल्हेर शहरातून मिळवलेले होते. मरणारा मनुष्य हिंदू होता आणि डोंगरावरील प्रवचन त्याला गीतेइतके प्रिय होते. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस ज्यांचा त्या कटाशी काही संबंध नव्हता अशा ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. आपल्यापैकी कित्येकांच्या आप्तांनी ती झळ सोसली आणि तिची आठवण घराघरांतून अजून सांगितली जाते. ती सांगितली जावी, हे योग्यच आहे. मात्र ती सांगताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी वडिलांच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती सरकारला केली होती. सरकारने ती मानली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. सरकार चुकले की बरोबर, यावर मतभेद राहतील. पण ज्यांचा बाप गेला त्यांनी क्षमा मागितली, आणि ज्यांचे काही गेले नव्हते त्यांनी शेजाऱ्याचे घर पेटवले.

मुरारचा पाद्री, उदयनगरची जोगीण आणि दिल्लीचा तो वृद्ध, तिघांचेही रक्त आपल्या या प्रदेशाशी जोडलेले आहे. बायबल हिंसेविषयी काय शिकवते, याचे उत्तर ग्रंथात शोधून झाल्यावरही एक भाग शिल्लक राहतो. तो आपल्यावर घाव पडतो त्या दिवशी, आपण कोणते पान उघडतो यावर ठरतो. आणि हे केवळ ख्रिस्ती माणसापुरते खरे आहे, असे आम्हांस वाटत नाही.