बुरुज बांधण्याआधीं बसून हिशेब करा

शास्त्रपाठ : लूक १४ : २८–३०



मुचकुंदी नदीच्या मुखाशीं टेकडीवर पूर्णगडाचा लहानसा कोट उभा आहे. ह्या भागांतील मुलें विद्यापीठाच्या शिक्षणासाठीं रत्नागिरीस व मुंबईस जातात, आणि कित्येकांची फी कर्ज काढून भरली जाते. त्यांना निरोप देतांना प्रभूचा दृष्टांत आठवावा. एकानें बुरुजाचा पाया घातला, पण खर्चाचा हिशेब केला नाहीं. काम अर्धवट राहिलें आणि लोक त्याला हंसूं लागले. बुरुज बांधूं नका असें प्रभु म्हणत नाहीं; आधीं बसा, असें म्हणतो.

न समजतां केलेल्या सहीचें फळ आपल्या देशानें पाहिलें आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चालून जाऊन कर्जाचे कागद जाळले. १८७९ सालीं सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा करावा लागला. त्या काळीं अक्षरशत्रु मनुष्य न वाचलेल्या कागदावर अंगठा देत असे. आज आपलीं शिकलेलीं मुलेंहि फोनवरील कर्जाच्या अटी न वाचतां त्यावर बोट ठेवतात. मग शिक्षणाचा उपयोग तो काय?

शैक्षणिक कर्जाचे हप्ते बहुधा शिक्षण संपल्यावर एका वर्षानें सुरू होतात, पण व्याज मध्यंतरीं थांबत नाहीं. आरंभींच १ लाख रुपये शेंकडा १० च्या सरळ व्याजानें घेतले, तर शिक्षणाचीं ३ वर्षें व पुढचें १ वर्ष मिळून व्याजच ४०,००० रुपये होतें. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेप्रमाणें १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जापूर्वीं ऋणकोस समजेल अशा भाषेंत मुख्य अटींचें पत्रक दिलें पाहिजे; त्यांत सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तें मागून घ्यावें व घरांत मोठ्यानें वाचावें. बापहि सहकर्जदार म्हणून सही करतो, तेव्हां तें कर्ज सगळ्या घराचें होतें.

उपदेशक बंधूंनो, सहीपूर्वीं एका संध्याकाळीं मुलास व आईबापांस एकत्र बसवा आणि विचारा : एकंदर किती फेडावें लागेल? नोकरी उशिरा लागली तर हप्ता कोण भरील? हें कर्ज शिक्षणासाठीं कीं डौलासाठीं?

आणि जो आधींच कर्जांत बुडाला आहे त्यानें लाजेनें लपूं नये. सावकार मुलांस न्यावयास आला तेव्हां त्या विधवेनें अलीशापाशीं सर्व सांगितलें (२ राजे ४ : १–७). त्यानें तिला दोष दिला नाहीं; घरांत काय आहे, हें विचारलें. तेल विकून तिनें आधीं ऋण फेडलें आणि उरलेल्यावर घर चालविलें. आपल्या मंडळीचें दारहि अशा मुलासाठीं उघडें असो. आमेन.