वस्तीची राखण

दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात पुण्याच्या उपनगरांत लागोपाठ दोन-तीन बंद फ्लॅट फुटले की सोसायटीची तातडीची सभा बसते. ठराव बहुधा ठरलेले असतात. कॅमेरे वाढवा, फाटकावर आणखी एक वॉचमन ठेवा, कामवाल्या बायकांच्या पिशव्या येता-जाता तपासा, आणि पोलीस आयुक्तांना निवेदन द्या की आमच्या भागात पोलीस वाढवा. यातली शेवटची मागणी न्याय्य आहे. मात्र ती कुणाला टोलवता येऊ नये इतक्या नेमकेपणाने करायला हवी. पिशव्या तपासण्याचा ठराव मात्र अन्यायाचा आहे, आणि तो करून आपण स्वतःची सुरक्षाही दूर ढकलतो.

आधी मागणीबद्दल. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावे आली आणि २०२१ साली आणखी २३. आंबेगाव, नऱ्हे, सूस, मांजरी, वाघोली ही नावे तोवर जाहिरातींच्या फलकांवर झळकून जुनी झाली होती. तिथे इमारती आधी आल्या. रस्ता, पाणी आणि पोलीस मागाहून. वाघोलीचेच पाहा. वर्षानुवर्षे हा सगळा पसारा लोणीकंद ठाण्याकडे होता, आणि ते ठाणे २०२१ पर्यंत ग्रामीण पोलिसांकडे. वाघोलीला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले २०२४ मध्ये, खराडी, बाणेर, आंबेगाव, नांदेड सिटी, फुरसुंगी आणि काळेपडळ यांच्याबरोबर. मधल्या काळात माणसे राहायला आली, त्यांनी कर्जाचे हप्ते भरले, महापालिकेचा कर भरला. बांधकामाला परवानगी देताना पाण्याची टाकी किती लिटरची हे कागदावर येते. त्या घरांमागे किती पोलीस लागतील हे कोणत्याच कागदावर येत नाही. देशभराचा हिशेब पाहिला तर लाख लोकांमागे मंजूर पोलीस साधारण १९५ आणि प्रत्यक्ष कामावर १५० च्या आसपास. ही तूट सगळ्यात आधी शहराच्या कडेला जाणवते.

पण समजा, जागा भरल्या आणि ठाण्यात शिपाई वाढले. ते आपल्या गल्लीत दिसतील का? पालख्या, गणेशोत्सव, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, मोर्चा, क्रिकेटचा सामना. प्रत्येक वेळी बंदोबस्ताला माणसे काढली जातात ती ठाण्यांतूनच. बीटवरचा अंमलदार पहाटे घरी जातो आणि दुपारी पुन्हा उभा राहतो. ज्याची झोप झालेली नाही, ज्याला आपल्या बीटमधल्या चार माणसांची नावे शिकायला सवड नाही, त्याच्याकडून घरफोडीच्या तपासाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली जे निर्देश दिले, त्यांत तपासाचे काम कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळे करा, हाही एक होता. तपासाचा माणूस बंदोबस्ताला ओढू नका, एवढी साधी ती गोष्ट. इतक्या वर्षांत किती सोसायट्यांच्या निवेदनांत तिचा उल्लेख आला? शिपायाच्या थकव्यावरही उपाय आहे: मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांची पाळी सुरू झाली. कल्पना एका साध्या शिपायाची होती आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पोलिसांचे हाल कमी करण्याची मागणी नागरिकांनी केली, तर ती स्वतःच्या घराच्या राखणीचीच मागणी ठरते.

आता चोरी झालेल्या घरात जाऊ. कडी-कोयंडा कटावणीने उचकटलेला असतो आणि चौकटीचा कपचा उंबऱ्यात पडलेला. कपाटाचा लॉकर उघडा, ड्रॉवर पलंगावर उपडे केलेले, साड्यांच्या घड्या जमिनीवर. ठसेतज्ज्ञ कपाटाच्या मुठीवर ब्रशने पूड फिरवत असतात. हवालदार दागिन्यांची वजने विचारतो आणि घरची बाई आठवून आठवून सांगते: पाटल्या, मंगळसूत्र, लेकीच्या कानातले. पाटल्या सासूबाईंच्या, म्हणून पावती नाही. मग हवालदार दाराशी जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळतो. दुपारी कुणी अनोळखी माणूस दिसला का? काही आवाज आला का? हे लोक गावाला गेलेत हे तुम्हाला ठाऊक होतं का? समोरच्या दारातल्या गृहस्थांना शेजाऱ्याचे आडनावसुद्धा सांगता येत नाही. दरवाजा फोडताना आवाज झालाच असणार. पण आवाज कुणाच्या दाराचा, याची चौकशी करायची सवयच मोडलेली आहे.

पंचनामा झाला तरी फिर्याद नीट नोंदली जाईलच असे नाही. 'अर्ज देऊन ठेवा, बघू' असे सांगून परत पाठवलेली माणसे प्रत्येक उपनगरात भेटतात. याचे मूळ आपल्याच मोजमापात आहे. ज्या ठाण्यात गुन्हे जास्त नोंदले गेले, त्या अधिकाऱ्याला वरिष्ठ जाब विचारतात आणि वर्तमानपत्रे त्या भागाला बदनाम करतात. मग नोंदच टाळली जाते. नोंद नाही म्हणून गुन्हा दिसत नाही, आणि गुन्हा दिसत नाही म्हणून जादा मनुष्यबळाची मागणी वर टिकत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर हद्दीची सबबही काढून घेतली: माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, फिर्यादीची प्रत फुकट मिळते, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे बंधनकारक आहे. हा हक्क वापरायचा आपणच कंटाळा करतो. काही जण तर रोकड कुठून आली हे विचारतील या भीतीने चोरीचा आकडा कमी सांगतात. खोट्या आकड्यावर खरा तपास कसा उभा राहील?

आणि मग संशय. घरफोडी झाली की पहिली चौकशी होते ती धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईची, नंतर वॉचमनची, नंतर जवळच्या पालांवर राहणाऱ्या कुटुंबांची. बाईला चौकीत दिवसभर बसवून ठेवतात. काहीच निष्पन्न होत नाही, पण तोवर तिची चार घरांची कामे सुटलेली असतात आणि झालेल्या नुकसानीची फिर्याद तिने कुठे द्यावी हे कुणी सांगत नाही. हे पाप पूर्वी मोठ्या प्रमाणावर झाले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला. पण पारध्याच्या पालावर पोलिसांची गाडी आजही पुराव्याआधी पोहोचते, आणि गाडी तिकडे वळावी असा आग्रह पुष्कळदा आपल्यासारख्या शिकल्या-सवरलेल्यांचा असतो. अशाच एका जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्या पुस्तकातल्या माणसांची पोरे आपल्या फाटकाबाहेर उभी राहिली की आपण वॉचमनला हाक मारतो. ज्या गरिबांचे डोळे दिवसभर रस्त्यावर असतात, त्यांनाच संशयित ठरवल्यावर खरा चोर कोणी पाहिला तरी ते बोलतील कसे?

राखण कशी करावी याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. मँचेस्टरजवळ रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची कामगार वस्ती आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे घरफोड्यांचा कहर झाला होता. अभ्यासकांनी चोरी झालेल्या घरांना, त्यांच्या शेजाऱ्यांना आणि पकडलेल्या चोरांनाही बोलते केले. एकदा फुटलेले घरच पुन्हा फुटते, असे त्यांच्या ध्यानात आले. नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर, म्हणजे चोरासाठी घरात ठेवलेली रोकडच, ते काढून टाकले. फुटलेल्या घराची दारे-खिडक्या लगेच भक्कम केल्या आणि त्याच्या आजूबाजूच्या मोजक्या घरांनी त्या एका घरावर लक्ष ठेवायचे ठरवले. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. इकडे भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि बीटवरच्या शिपायाला गल्लीतल्या माणसांशी जोडून दिले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. प्रश्न वेगळा होता, पण शिपाई आणि वस्ती एकमेकांना नावाने ओळखू लागल्यावर काय होते, हे तिथे दिसले.

म्हणून पुढच्या सभेत निवेदनाचा मजकूर बदलावा. आमच्या बीटचा अंमलदार कोण, गेल्या महिन्यात तो किती दिवस बीटवर होता आणि किती दिवस बंदोबस्ताला, गेल्या वर्षी आमच्या हद्दीत घरफोडीच्या किती फिर्यादी नोंदल्या आणि कितींचा मुद्देमाल परत मिळाला, हे ठाण्याला लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. आमदाराला आणि नगरसेवकाला हाच कागद दाखवून विचारावे की नव्या इमारतींबरोबर नवे पोलीस कधी येणार. ज्या घरात चोरी झाली, त्याच्या दोन्ही बाजूंच्या आणि वरखालच्या घरांनी पुढचे काही महिने त्या दारावर लक्ष ठेवण्याचे आळीपाळीने ठरवावे. बारा तास उभ्या राहणाऱ्या वॉचमनची पाळी आठ तासांची करावी आणि तिसऱ्या पाळीचा खर्च देखभालीच्या वर्गणीत घ्यावा. पिशव्या तपासण्याचा ठराव रद्द करावा, आणि कामाला येणाऱ्या बायकांनाही या सभेला खुर्ची देऊन बसवावे.