धुराची खोली

अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातली तंबाखूची शेड पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सुतारानं काम अर्धवट सोडलंय. लांबलचक लाकडी इमारत, भिंतींना उभ्या फळ्या, आणि त्यांतल्या ठरावीक अंतरावरच्या फळ्या बिजागरीवर. त्या उघडल्या की भिंतीची जाळी होते. आत आढ्यापर्यंत आडव्या वाशांच्या ओळी. उन्हाळ्याच्या शेवटी कापलेली तंबाखू त्यांवर टांगायची आणि वाऱ्यावर सोडायची. पान भराभर वाळलं तर हिरवंच राहतं, रेंगाळलं तर कुजतं. फळ्या कधी उघडायच्या आणि कधी लावायच्या, शेतकऱ्याचं सगळं कसब त्यात.

हार्टफर्डच्या विमा कंपन्यांची संगणकाची कामं करायला इथं बरीच मराठी माणसं आली, त्यांतलाच मी एक. माझं गाव निपाणी भागातलं. तंबाखूच्या वखारीवरून जाताना नाकाला रुमाल लावायचा, हे शाळेच्याही आधी शिकलेलो. त्यामुळे सफील्डच्या बाजूला घर घेतलं तेव्हा शेजारच्या शेतातली ती शेड मला परकी वाटली नाही. आमच्याकडची विडीची तंबाखू उन्हात वाळते, इथली सावलीत, एवढाच फरक. खकाणा तोच.

शेजारी सत्तरीचा. वडिलांनी तंबाखू केली, यानं सोडली. शेडला चिकटून एक लहान खोली आहे. ब्रॉडलीफ जातीची झाडं बुडापासून कापून टांगतात. ती वाळली की पावसाळी हवेची वाट पाहायची. ओलाव्यानं पान मऊ पडलं की झाडं खाली उतरवायची आणि थंडीच्या दिवसांत त्या खोलीत बसून खोडापासून पानं सोडवायची. म्हणून तिथं शेगडी होती. पानाचा रंग उन्हात फसवतो, म्हणून खिडक्या उत्तरेला. ही खोली सिगार ओढायची बैठक करायचं शेजाऱ्यानं ठरवलं आणि शनिवार-रविवार मी हाताखाली जाऊ लागलो.

शेजाऱ्याला घरात ओढायला बायकोची मनाई. गावातल्या रेस्टॉरंटांत २००३ मध्ये आणि बारमध्ये २००४ मध्ये कनेक्टिकट राज्याच्या कायद्यानं धूर बंद केला. ज्या खोऱ्यानं शंभर वर्षं जगातल्या सिगारांना वरचं पान पुरवलं, तिथंच सिगार पेटवायला माणसाला शेतातली खोली शोधावी लागते. मला यात अन्याय दिसत नाही, गंमत मात्र दिसते.

फोनवर हे तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, सांगितलं. तात्यांची विडी गोठ्याच्या दारात, एक पाय उंबऱ्यावर ठेवून. ते म्हणाले, "आरं, धूर काढायला येवढी खोली? आन् ढोरं कुठं बांधतोय त्यो?" ढोरं नाहीत म्हटल्यावर त्यांचा त्या माणसातला रस संपला.

कामाला लागल्यावर कळलं की ही खोली एका नादिष्टाची हौस राहिलेली नाही, भौतिकशास्त्राचा धडा झालीय. जुन्या फटींतून वारा आरपार जायचा. धुरासाठी ते उत्तम, पण जानेवारीत शून्याखाली दहा-पंधरा अंश असताना माणसासाठी नाही. म्हणून बाहेरच्या फळ्या तशाच ठेवून आतून दुसरी भिंत उभी केली, मध्ये थंडी अडवणारा थर भरला, दाराखाली रबर लावलं. खोली घट्ट झाली. मग धूर बाहेर काढायला छताजवळ पंखा बसवला. आणि तिथंच अडलं. बंद खोलीतून पंखा हवा ओढू लागला की बदली हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि तिला सर्वांत सोपी वाट धुराड्याची. लाकडाच्या शेगडीचा धूर उलटा खोलीत येतो, त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. माणूस खुर्चीतच कायमचा झोपू शकतो. शेवटी शेगडीला बाहेरच्या हवेची स्वतंत्र नळी दिली, पंख्यासमोरच्या भिंतीत खालच्या बाजूला ताजी हवा घेणारं भोक पाडलं आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र टांगलं. ज्या फटी बुजवायला महिने घातले, त्यांचंच काम आता मोजून पाडलेल्या भोकांकडे आलं. पंखा तापवलेली हवाही बाहेर फेकतो, त्याचं बिल वेगळं.

दुसरी अडचण ओलाव्याची. थंडीत तापवलेली हवा इतकी कोरडी होते की सिगारचं वरचं पान तडकतं. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. म्हणजे जिथं पान वाळलं, तिथंच आता ते ओलसर ठेवायला पेटी हवी. ही पेटी ज्या लाकडाची करतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते ना स्पेनचं ना देवदाराच्या कुळातलं. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, महोगनीच्या कुळातलं. आपला कडुलिंबही त्याच कुळातला. हे शेजाऱ्याला सांगितल्यावर त्यानं पेटीचं झाकण उघडून पुन्हा वास घेतला. पेटी फार उबेला ठेवायची नाही, नाहीतर पानात दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. हा किडा निपाणीच्या वखारवाल्यालाही ओळखीचा.

सामान फार नाही. कापडी सोफा धूर धरून ठेवतो, म्हणून चामड्याच्या दोन खुर्च्या. गालिचा नाही. इथवर माझं त्याच्याशी जमलं. मग त्यानं भिंतीवर लावायला तंबाखूच्या शेतातल्या मजुरांचा जुना मोठा फोटो आणला, तो मला खटकला. या खोऱ्यातल्या शेतांत पोर्तो रिकोचे, जमैकाचे लोक राबले, शाळकरी पोरं राबली. १९४४ च्या उन्हाळ्यात मोअरहाउस कॉलेजच्या मुलांबरोबर पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग पलीकडच्या सिम्सबरीत तंबाखूच्या कामाला आला होता. इथं गोऱ्यांच्याच हॉटेलात, त्यांच्याच चर्चमध्ये बसता येतं, याचं नवल त्यानं घरच्यांना पत्रांतून कळवलं. कामासाठी बांधलेल्या खोलीत कुणी निवांत बसलं तर माझी तक्रार नाही. इमारतीलाही कधीतरी विसावा मिळावा. पण राबणाऱ्यांचे चेहरे धुरामागची सजावट झाले की मला अवघडतं. मी तसं म्हटलं. तो बराच वेळ बोलला नाही. फोटो आता त्याच्या घरच्या जिन्यात आहे. खोलीत राहिली ती पानं सोडवायची घासून गुळगुळीत झालेली फळी, आणि तिच्यावर आम्ही ग्लास ठेवतो. हे मला पटतं, कारण फळी अजून काहीतरी कामाची आहे.

मी ओढतो क्वचित. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि धूर छातीत घेतला नाही म्हणून तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. तंबाखूवर वाढलेल्या घरात याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. तरी शेजाऱ्याबरोबर तास-दीड तास बसायला मला आवडतं. सिगार घाईनं ओढली तर कडवट होते, त्यामुळे त्या खोलीत कुणी घाई करत नाही.

गंमत म्हणजे त्याच्या आवडत्या सिगारवरचं 'कनेक्टिकट' पान बहुतेकदा इक्वेडोरचं असतं. १९०० मध्ये विंडसरला सुमात्राच्या बियाण्यावर कापडाचे मांडव घालून सावलीतली तंबाखू पहिल्यांदा घेतली. पातळ पानासाठी सुमात्राचं दमट आभाळ इथं कापडानं आणलं. पुढे इथलं बियाणं इक्वेडोरला गेलं, जिथं ढग फुकट आहेत. इथले मांडव कमी होत गेले.

मोठी शेड अजून रिकामी आहे. मध्यंतरी जुन्या फळ्या विकत घेणारा एक जण येऊन गेला. ऊन-वाऱ्यानं रापलेल्या या लाकडाला शहरांतल्या हॉटेलांकडून मागणी असते. त्यानं आकडाही सांगितला. शेजाऱ्यानं नाही म्हटलेलं नाही. फक्त लहान खोलीला लागून असलेली भिंत सोडून बाकीची उतरवता येईल का, एवढं त्यानं विचारलं. तो माणूस मोजमाप घेऊन गेलाय.