आजचं चिंतन : एकादशीचा भात



आजचा श्लोक गीतेच्या १५व्या अध्यायातला, १४वा. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी जेवणाआधी हा अध्याय म्हणतात. या श्लोकाचं सार थोडक्यात असं : पोटात अन्न पचवणारा जो अग्नी आहे, वैश्वानर, तो देवच आहे.

लहानपणी जळगावच्या घरी मी हा श्लोक समोरच्या भरीत-भाकरीकडे बघत भराभर उरकायचे. त्याच्या अर्थाशी पहिल्यांदा अडले ते २४व्या वर्षी, कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट हातात आल्यावर. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचातून रक्त जातं. शरीराची संरक्षण यंत्रणाच आतड्यावर उलटते. नेमकं का, हे वैद्यकशास्त्रालाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. औषधाने आजार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं शांत राहतो, पण गोळ्यांनी तो समूळ जात नाही. म्हणून बरं वाटत असतानाही मेसालामाइनच्या गोळ्या रोज घ्यायच्या.

मग प्रश्न पडला. पचवणारा देव असेल, तर हा जाळणारा कोण?

खरं सांगते, उत्तर शोधायचं सोडून मी देवाशी सौदा केला. त्या वर्षी आठ महिने पोट शांत होतं. सत्संगातल्या एका ज्येष्ठांनी प्रेमाने म्हटलं, "नामावर पूर्ण विश्वास असेल तर गोळी कशाला?" मला ते पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. आषाढी एकादशीला निर्जळी उपवास केला आणि त्याच दिवसापासून गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला बोलले नाही. मनात म्हटलं, विठ्ठला, आता तुझ्यावर सोडलं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, धुळ्याला काकांकडे कानबाई बसणार होती. जळगावहून एसटीने निघाले. एरंडोल मागे पडलं आणि पोटात मुरडा सुरू झाला. ज्यांना हा आजार आहे त्यांना माहीत असेल, 'जायचंय' आणि 'आत्ताच्या आत्ता' यात आपल्याकडे अंतर नसतं. कंडक्टरकाकांना कसंबसं सांगितलं. त्यांनी काही न विचारता एका ढाब्यापाशी गाडी थांबवली. खिडक्यांतून सगळे बघत होते. तिथे पुन्हा रक्त दिसलं.

काकांच्या घरात पुरणाचा वास, दारात पाहुणे, बायकांची गाणी. रोटांचा प्रसाद आमच्याकडे भाऊबंदांनीच संपवायचा असतो, टाकायचा नाही. आजीने माझा चेहरा बघितला, मोहरीएवढा तुकडा माझ्या जिभेवर ठेवला आणि उरलेला चुलतभावाच्या ताटात सारला. देवीने काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाची गडबड सोडून काका मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. स्टिरॉइड सुरू झालं. तेही मनाने बंद करायचं नाही, हळूहळू कमी करत आणायचं. मी तिथेच राहिले. त्याच आठवड्यात पुत्रदा एकादशी आली. माझ्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि कळायला लागल्यापासून मी तिला एकादशी मोडताना पाहिलेलं नाही. सकाळी तिने मऊ भात केला, वर जरासं मीठ, आणि ताटली माझ्यापुढे ठेवली.

"आजी, आज एकादशी! आणि भात?"

"देव तुन्हा पोटमा शे, माय. त्याले उपाशी नको ठेऊ."

आजीला लिहिता-वाचता येत नाही. १५वा अध्याय तिला पाठ नाही. मी भात खाल्ला आणि रडले.

त्या रात्री १७वा अध्याय उघडला. ५व्या-६व्या श्लोकांत अशा लोकांबद्दल सांगितलंय, जे दंभ आणि अहंकारापोटी घोर तप करतात, देहाला कष्टवतात आणि देहात राहणाऱ्या देवालाही कष्टवतात. आजवर मला वाटायचं, हे काट्यांवर झोपणाऱ्यांसाठी आहे. त्या रात्री त्यात मी दिसले. मी ज्याला शरणागती म्हणत होते तिच्यात एक अट होती : मी गोळी सोडते, तू बरं कर. बरं झालं असतं तर श्रेय माझ्या श्रद्धेला मिळालं असतं. नाही झालं, तर दोष देवावर जायला तयारच होता.

गीतेचं आणि धुळ्याचं जुनं नातं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय असं करत गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. याच विनोबांना पुढे पोटाचा अल्सर होता. माझा आजार वेगळा, पण दुखणं पोटाचंच. १९५१ पासून भूदानासाठी ते वर्षानुवर्षं चालले, ते मुख्यतः दूध-दह्यावर. पोटाला झेपेल तेच खायचं आणि काम सोडायचं नाही.

आता कुणी म्हणेल, औषध तर विनोबांनीही नाकारलं होतं. खरंय. डिसेंबर १९५२ मध्ये चांडिलला त्यांना जबर मलेरिया झाला, तेव्हा सुरुवातीला त्यांनी औषध घेतलं नाही. मग लोकांनी विनवण्या केल्या आणि त्यांनी घेतलं. मला त्यांच्या नकारापेक्षा तो होकार जास्त शिकवतो. आपला देह फक्त आपला नसतो, आपल्यावर जीव असणाऱ्यांचाही असतो. मी मात्र असं कुणाला विनवायची संधीच दिली नव्हती. लपवलं होतं.

मग जाळणारा कोण? पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. 'मागच्या जन्मीचं असेल' हे ऐकून घेते, पण मानत नाही. कर्माचा विचार स्वतःला सावरायला आहे, दुसऱ्याच्या दुखण्याचा पंचनामा करायला नाही. मला आठवते ती आजीची चूल. खापरावर पुरणपोळी करताना ती सतत जाळाकडे बघते, लाकूड पुढे सारते, मागे ओढते. जाळ तोच, लक्ष नसेल तर पोळी करपते. अग्नी देवाचा असेल, पण चूल राखायचं काम आपल्याला दिलंय. रोजची गोळी, ठरलेल्या तारखेची तपासणी, काय सोसलं आणि काय नाही याची वही, डोकं दुखलं तरी मनाने पेनकिलर न घेणं : ही माझी चूल राखणं आहे. सकाळची गोळी मी आता देवघरासमोर घेते.

आता उपवासाला पोट शांत असेल तर साबुदाणा खाते. नसेल तर भात. प्रसाद कणभर. कुणी विचारलं तर सरळ सांगते, आतड्याचा आजार आहे. बसमध्ये कंडक्टरला आधीच सांगून ठेवते. लाज अजून वाटते. गेली असं म्हणणार नाही.

तुमच्यापैकी कुणी एखाद्या व्रतासाठी चालू औषध सोडलं असेल, किंवा सोडायच्या विचारात असेल, तर आज एवढंच करा : डॉक्टरांना विचारा, आणि घरातल्या एका माणसाला सांगा. नाम दोन्ही वेळा चालू ठेवा.

आजचा संकल्प : पहिला घास घेताना क्षणभर थांबायचं, आणि आपण कुणाला जेवू घालतोय ते आठवायचं.

राम कृष्ण हरी.