गारठलेले हात

शिरोळ तालुक्यातला एक तरुण नोकरीसाठी नॉटिंगहॅमला मामाकडं आला. त्याला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे मोटारसायकल, आणि दुसरी म्हणजे थंडी सोसण्याची ताकद. ऊसपट्ट्यातल्या डिसेंबरच्या पहाटा त्यानं लहानपणापासून गाडीवर काढल्या होत्या. वडील डेअरीला दूध घालायला निघायचे, हा मागं कॅन धरून बसायचा. वडिलांच्या स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर घडी करून खोचलेला, डोक्याला कानटोपी, हात मात्र उघडे. बोटं आखडली की गाडी थांबवून इंजिनाजवळ धरायची आणि पुन्हा निघायचं. तास-दीड तासात ऊन वर यायचं आणि थंडी पळायची. ‘मनावर घेतली तरच थंडी लागती,’ असं वडील म्हणायचे. पोरानं ते वाक्य मनात पक्कं धरलं होतं.

मामा नॉटिंगहॅममध्ये मुरलेले. निवृत्तीनंतर ते ब्लड बाइकवर स्वयंसेवक म्हणून जात. ब्रिटनमध्ये ही फार मोलाची सेवा आहे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलस्वार रक्त, तपासणीचे नमुने, दान केलेलं आईचं दूध एका दवाखान्यातून दुसऱ्यात पोहोचवतात आणि सरकारी आरोग्यसेवेकडून एक पैसाही घेत नाहीत. त्यामुळं मामांना हिवाळ्यातल्या रात्रीचे रस्ते पाठ होते.

भाच्याला विमानतळाजवळच्या गोदामात रात्रपाळीची नोकरी लागली. त्यानं जुनी 125 सीसीची ड्यूक घेतली. ती चाकणला बनलेली आहे हे कळल्यावर तर त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ऑक्टोबरमध्ये मामांनी त्याला हीटेड ग्रिपची जोडी आणून दिली. हँडलच्या मुठींना बसवायची, बॅटरीवर चालते, हात गरम राहतात. भाचा हसला. “मामा, मुठी गरम करायला मी काय म्हातारा झालोय का?” खोका माळ्यावर गेला. जाड हातमोजेही त्याला नको होते. क्लच नीट कळत नाही म्हणायचा.

नॉटिंगहॅम 53 अक्षांशाजवळ आहे. ऐन डिसेंबरात तिथं सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. कोल्हापूरकडचा वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. इथं साडेसात तासांत कारभार आटोपतो. गावाकडं जे ऊन थंडी पळवून लावायचं, ते इथं त्याच्या मदतीला येणारच नव्हतं. पाळी संपवून निघताना अंधार, घरी पोचेपर्यंत अंधार. पारा शून्यावर असेल आणि गाडी ताशी साठच्या वेगानं जात असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे नऊसारखी झोंबते. भाचा दात आवळून ती सोसायचा आणि घरी आल्यावर अभिमानानं सांगायचा.

एके दिवशी सकाळी तो लाँग ईटनमार्गे बीस्टनला आला. चिलवेल रोडवर ट्रामचे रूळ भर रस्त्यातून गेलेले आहेत. गाड्या आणि ट्राम एकाच रस्त्यावरून चालतात. ओला रूळ दुचाकीला सर्वांत वाईट. तो शक्यतो काटकोनात ओलांडायचा आणि त्यावर असताना ब्रेकला हात लावायचा नाही, हे तिथली शिकाऊ पोरंसुद्धा जाणतात. भाच्यालाही ठाऊक होतं. पुढं एक म्हातारी बाई चाकांची पिशवी ओढत रस्ता ओलांडत होती. तीही त्याला लांबूनच दिसली. बोटं ब्रेकवर होती, पण किती दाबलंय हे बोटांना कळेनासं झालं होतं. आधी दाब कमी पडला, मग घाबरून एकदम जास्त पडला, आणि तेवढ्यात पुढचं चाक रुळावर आलं. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि त्या बाईपासून दोन हातांवर थांबली. मागून आलेली ट्राम उभी राहिली. बाईनं पिशवी सोडली आणि उलट यालाच उठवायला धावली. मनगट सुजलं, जॅकेट फाटलं. एवढ्यावर निभावलं.

मामा रागावले नाहीत. संध्याकाळी त्यांनी भाच्याला मागच्या शेडमध्ये नेलं. बादलीत पाणी आणि बर्फ घातला आणि धड असलेला हात मनगटापर्यंत बुडवून ठेव म्हणाले. दोन-तीन मिनिटांनी हात काढायला सांगितला. टेबलावर एक दहा नंबरचा नट आणि वायसर ठेवला होता. “उचल.” भाच्याला वायसर चिमटीत धरता येईना. तो बोटांनी नुसता ढकलला जात होता, टेबलाच्या कडेला गेला, खाली पडला. “आता नट लाव बोल्टाला.” आटा बसेना. बोटं त्याचीच होती, दिसत होती, हलत होती, पण त्यांच्याकडून काही खबर येत नव्हती.

“ह्या हातानं तू त्या बाईसमोर ब्रेक मारत होतास,” मामा म्हणाले. “थंडी तू सोसलीस, पण तिची किंमत कुणाच्या अंगावर गेली असती?”

भाचा गप्प राहिला.

मला इथं थांबून नॉटिंगहॅमचीच एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती ह्या शेडपासून फार लांब घडलेली नाही. ह्याच शहरात हेडन रोडवर जॉर्ज ब्रफ यांचा ब्रफ सुपीरिअर मोटारसायकलींचा कारखाना होता. 1919 पासून 1940 पर्यंत तिथं त्या काळातल्या सर्वांत नामांकित गाड्या बनल्या. अरबस्तानातल्या वाळवंटात नाव कमावलेले टी. ई. लॉरेन्स याच गाडीचे वेडे होते. एकामागून एक सात वापरल्या. मे 1935 मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तेव्हा रस्त्यावर सहसा कुणाच्याच नसायचं. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्यांचा त्यांनी चिकाटीनं अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य माणसासाठी कायदा यायला मात्र 1973 उजाडलं. उघड्या डोक्यानं गाडी मारण्यात मर्दुमकी आहे ही समजूत जायला इतकी वर्षं लागली. आपल्याकडं पुण्यातला हेल्मेटविरोध आठवा, म्हणजे ही समजूत किती चिवट असते ते कळेल. उघड्या हातांचा अभिमान त्याच जातीचा आहे.

त्या रात्री ग्रिप बसवल्या गेल्या. मामांनी भाच्याला एकेक गोष्ट दाखवली. आत अंगाला चिकटणारा थर, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. गळा उघडा राहिला तर बाकी सगळं वाया. टायरमधली हवा थंडीत उतरते, म्हणून ती दर आठवड्याला बघायची. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते साखळी आणि बोल्ट खातं, म्हणून आल्या आल्या गाडी गार पाण्यानं धुवायची. पुलावर आणि झाडांच्या सावलीत डांबर नुसतं ओलं दिसलं तरी तिथं काचेसारखा बर्फ असू शकतो. आणि शेवटची गोष्ट भाच्याला सर्वांत जड गेली: रस्ता गोठला असेल त्या दिवशी गाडी काढायचीच नाही.

“मग तुमचं रक्त कसं पोचतं?” भाच्यानं विचारलं.

“रक्त पोचतंच. त्या रात्री आम्ही चारचाकी काढतो. पेशंटला रक्ताशी मतलब, मी किती धाडसी आहे ह्याच्याशी न्हाई.”

भाच्याचा जुना पीळ अजून पुरता गेला नव्हता. “आमच्याकडं बरं हाय मामा. हिवाळा म्हंजे गाडीचे दिवस. ना पाऊस, ना चिखल, ना बर्फ. काय भ्यायचं कारणच न्हाई.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझा चुलतभाऊ कुठल्या महिन्यात गेला?”

जानेवारीत. रात्री कारखान्याच्या रस्त्यावर, बिनदिव्याच्या ऊसट्रॉलीला मागून धडकून. भाचा खांदा द्यायला होता. तेव्हा सगळे नशिबाला बोल लावून घरी गेले होते, तोही गेला होता.

“तिथं थंडी सोसण्याजोगी असते, म्हणून हिवाळा निर्धोक वाटतो,” मामा म्हणाले. “इथला धोका हाताला कळतो तरी. तिथला अंधारात उभा असतो.”

पुढच्या जानेवारीत बहिणीच्या लग्नाला भाचा गावी गेला. बॅगेत भेटवस्तूंबरोबर रिफ्लेक्टरच्या लाल-पांढऱ्या पट्टीची रिळं होती. लग्न झाल्यावर तो वस्तीवरच्या ट्रॅक्टरवाल्यांकडं गेला. पट्ट्या चिकटवल्या, आणि दुसऱ्याच रात्री त्याच्या ध्यानात आलं की भरलेल्या ट्रॉलीचा ऊस मागं लोंबतो आणि पट्टी पार झाकून जाते. मग त्यानं गोणपाटाचे तुकडे कापले, त्यांवर पट्ट्या शिवून घेतल्या आणि कोपऱ्यांना सुतळी लावली. ट्रॉली भरून झाली की गोणपाट सर्वांत मागच्या मोळीवर बांधायचं. एक जुना ड्रायव्हर वैतागून म्हणाला, “आमची जिंदगी गेली ह्या रस्त्यावर. आमाला आंधारातबी दिसतं.”

“तुमाला दिसतं, दादा. मागच्याला दिसत न्हाई.”

ड्रायव्हरनं गोणपाट हातात घेतलं आणि स्वतः बांधलं.

गाळप हंगाम ऐन थंडीत जोरात असतो आणि उसाच्या गाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. तुमच्या शेतातून ट्रॉली भरून निघेल तेव्हा तिच्या मागं जाऊन उभे राहा, बॅटरीचा झोत टाका, आणि काही चमकलं नाही तर तिला जाऊ देऊ नका.